पडवीचे पत्रे उतरवले तो दिवस

तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते. 15 मे 2021 रोजी, शनिवारी, बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीजवळच्या एका वाडीतील आजींचे घर पाहण्यासाठी मला निरोप आला. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात मी छपरांची कामे करतो. टाळेबंदीमुळे नवे साहित्य मिळणे शक्य नव्हते. माझ्याकडची जस्ताची तार, पक्कड, काही बांबू आणि गावातलेच दोन गडी एवढ्यावरच काम उरकायचे होते.

मुख्य घर चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे होते. त्याला लागून तीन बाजूंनी उघडी असलेली पत्र्याची पडवी होती. खाली सरपण, कडबा आणि दावणीला एक म्हैस. आजींच्या मुलाने पत्र्यांवर ठेवण्यासाठी वाळूची पोती आणि दगड जमवून ठेवले होते. मी शिडीवर चढून पाहिले, तेव्हा पत्रे हुकांनी नव्हे, तर साध्या खिळ्यांनी बसवलेले आढळले. गंजलेल्या खिळ्याभोवतीचे भोक लांबट झाले होते आणि वळचणीकडचा एक खिळा तर मी नुसत्या बोटांनी उपसून काढला.

अशा पत्र्यावर वजन ठेवण्यास माझा ठाम विरोध असतो. ताशी 100 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे 47 किलो वजनाइतका दाब देतो आणि वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. तेवढ्याच जागेतील पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र चार-पाच किलो असते. शिवाय उघड्या पडवीत वारा खालून शिरून पत्रा वर ढकलतो, त्याच वेळी वरून वाहणारा वारा त्याला वर ओढतो. पत्रा सुटला की त्यावरचे दगड माणसांच्या अंगावर येतात. आणि पडवीचे वासे मुख्य छपराला जोडलेले असल्यामुळे पडवी जाताना कौलारू भागही उचकटून नेते.

म्हणून मी पडवीचे सगळे पत्रे उतरवण्याचे ठरवले. आजी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मेस्त्री, हाय ते छप्पर काढून घर कसं वाचवतासा?"

"आजी, पडवी परत उभी करता येईल. आतल्या खोलीचं छप्पर गेलं तर तुम्ही पावसात बसाल कुठं?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग स्वतःच म्हशीचे दावे सोडू लागल्या. त्यांचा तो होकार मला फार मोलाचा वाटला, कारण पावसाच्या तोंडावर पडवी उघडी करणे हे आमच्या भागात कोणालाही रुचणारे नाही.

दुपारपर्यंत पत्रे उतरवून घरामागे आडवे रचले आणि तारेने झाडाच्या बुंध्याला बांधले. त्यानंतर वळचणीच्या कौलांवर बांबू आडवे टाकून ते प्रत्येक वाशाला तारेने आवळले आणि वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला बांधले. वारा कौलांना सर्वांत आधी उचलतो तो वळचणीला आणि आढ्याला, त्यामुळे सर्वाधिक वेळ तिथेच दिला. फणसाची छपरावर आलेली फांदीही उतरवली. वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे मुलाने कुठेतरी ऐकले होते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी राहिली की आत शिरलेला वारा छपराला खालून वर ढकलतो, हे मी त्याला समजावले आणि दारांना आतून अडसर लावायला सांगितले. पाणी भरणे, मोबाईल चार्ज करणे आणि मेन स्विच बंद करणे ही कामे त्याच्याकडे सोपवली.

वादळ किनाऱ्यासमोरून पुढे गेले आणि 17 मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या भागात 16 तारखेला वारा-पावसाने झोडपले. आजींच्या आढ्याची काही कौले सरकली, वळचण मात्र जागची हलली नाही.

जूनच्या आरंभी आम्ही पत्रे पुन्हा चढवले, तेही जे-हुक आणि रबरी वॉशर लावून, आणि पडवीच्या मेढी लोखंडी पट्टीने काँक्रीटच्या पायात जखडल्या. वळचण हातभर आखूड करण्यास आजींचा विरोध होता. पावसाची झड आत येईल हे त्यांचे म्हणणे खरेच होते, म्हणून त्या बाजूला गवताची झडप बांधून दिली.