वेबस्टरना आलेलं जकातीचं पत्र

मे 1828 मध्ये अमेरिकेत आयात मालावरची जकात वाढवणारं विधेयक सिनेटसमोर होतं. बोस्टनचे व्यापारी अबॉट लॉरेन्स यांनी सिनेटर डॅनियल वेबस्टरना कळवलं की हे विधेयक दुरुस्तीसह मंजूर झालं, तर देशाचा दक्षिण आणि पश्चिम भाग शंभर वर्षं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बोस्टनभोवतालच्या ईशान्य राज्यांच्या, कर्जात राहील. हे वाक्य सगळे उद्धृत करतात, पण त्यातला कळीचा शब्द ‘दुरुस्तीसह’ सुटून जातो.

प्रतिनिधीगृहाकडून आलेला मसुदा न्यू इंग्लंडला जाचकच होता. मळीवरची जकात गॅलनला 5 वरून 10 सेंट, म्हणजे रमच्या भट्ट्यांवर घाला. हेंपवर टनाला 45 डॉलर, पुढे 60 पर्यंत, म्हणजे जहाजांचे दोरखंड महाग. कच्च्या लोकरीवर पौंडाला 4 सेंट आणि वर 40 टक्के, तेही वाढत जाणारे, म्हणजे गिरण्यांचा कच्चा माल महाग. सिनेटने दुरुस्ती करून लोकरी कापडावरचा दर 45 टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा गिरणीवाल्यांचं पारडं जड झालं. 1824 मध्ये जकातवाढीविरुद्ध मत देणाऱ्या वेबस्टरनी या वेळी बाजूने मत दिलं. सिनेटमध्ये 26 विरुद्ध 21.

नुसता टक्का पाहून मात्र फसायला होतं. या कायद्यात किमान मूल्याचे टप्पे होते. चौरस यार्डाला 1 डॉलरहून महाग आणि अडीच डॉलरपर्यंतचं लोकरी कापड अडीच डॉलरचंच धरायचं. 1 डॉलर 10 सेंटच्या कापडावर 45 टक्के म्हणजे सुमारे 1 डॉलर 12 सेंट जकात. मालाच्या किमतीहून जास्त! त्या काळच्या पत्रात ‘मिनिमम’ (किमान मूल्य) दिसलं की हा हिशेब आधी मांडावा.

‘उत्तर विरुद्ध दक्षिण’ हा साचाही पुरत नाही. लुइझियाना दक्षिणेतलं, पण तिथल्या ऊसमळेवाल्यांना साखरेवरची जकात हवीच होती. दक्षिणेतल्याच साउथ कॅरोलिनाचे नेते कॅल्हून यांनी 1816 मध्ये संरक्षक जकातीला पाठिंबा दिला आणि 1828 मध्ये तिच्याविरुद्धचं निवेदन निनावी लिहिलं. म्हणून पत्र वाचताना आधी माल कोणता ते बघावं, प्रदेश नंतर.

तारीख मतदानाच्या दिवसांशी ताडून घ्यावी. दुरुस्तीच्या आधीचं पत्र आणि नंतरचं पत्र एकाच विधेयकाबद्दल बोलत नसतात. घडी घातलेल्या पत्राची बाहेरची बाजूही वाचावी. तेव्हा टपालखर्च बहुधा पत्र घेणारा भरे आणि तो कागदांच्या संख्येवर व अंतरावर ठरे: 400 मैलांपलीकडे एका कागदाला 25 सेंट, दोन कागदांना दुप्पट. काँग्रेस सदस्यांना ठरावीक मर्यादेत टपाल मोफत असे. एरवी टपालखर्चामुळे आखडता राहिला असता, तो गिरणीमालकाचा हात सिनेटरला दरांचे लांबलचक तक्ते पाठवताना मोकळा सुटे.