सौंदत्तीच्या वाटेवर नळाचा ड्रम

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेला बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या गल्लीतून तेवीस माणसं गेली आणि तेवीसही धडधाकट आहेत. एवढं एक वाक्य लिहायला मी परत आल्यापासून एक्कावन्न दिवस थांबले. का, ते पुढे येईल.

आधी तीन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. तेव्हा आम्ही एकोणीस जण गेलो होतो. घरी येऊन दोन दिवस होताहेत तोवर सात जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. माझ्या पुतणीला सलाईन लावावं लागलं. महिनाभराने शेजारच्या पोराचे डोळे पिवळे झाले. उलट्या-जुलाबांचं सगळी गल्ली म्हणाली, सौंदत्तीचं पाणी बाधलं. मी वीस वर्षं नर्सचं काम करते, तरी मीही तेच म्हणाले. मग एका रात्रपाळीला बसल्या बसल्या आठवलं, की सौंदत्तीचं पाणी आम्ही प्यायलोच नव्हतो! पिण्याचं पाणी घरून उकळून नेलं होतं, मोठ्या पिंपात. त्या पिंपात तीन दिवस जो येईल तो तांब्या बुडवत होता. बोटं पाण्यात, त्याच बोटांनी पोरांची ढुंगणं धुतलेली. शिवाय माझ्या थोरल्या जाऊबाईंचं पोट निघायच्या आदल्या दिवशी बिघडलं होतं. ‘आता बरं हाय’ म्हणून त्याच भाकऱ्या थापायला बसल्या आणि मीच त्यांना पिठाची परात दिली. तपासणी कुणाचीच झाली नाही, पण माझं मन सांगतं की तो आजार आम्हीच गावातून गाडीत बसवून नेला होता.

म्हणून यंदा तयारीची जबाबदारी मी मागून घेतली.

खरेदी फार नव्हती. खाली नळ असलेले, झाकण घट्ट बसणारे वीस लिटरचे तीन प्लॅस्टिकचे ड्रम. क्लोरिनच्या गोळ्या. ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची, वीस पाकिटं. साबणाच्या चार वड्या आणि त्या टांगायला कांद्याच्या जाळीच्या पिशव्या. साबण जमिनीवर ठेवला की मातीत पडतो आणि मग कुणी हात लावत नाही. नळाशेजारी डोळ्यांसमोर लोंबत असला की पोरंसुद्धा आपणहून हात धुतात. सॅनिटायझरची बाटली घेतली होती, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. मळलेल्या, तेलकट हातावर ते नीट चालत नाही आणि जुलाब-उलट्यांचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, याला तोड नाही.

दुसरा नियम थोडा कठोर होता. ज्याचं पोट बिघडलंय त्याने जुलाब थांबल्यावरही पुरे दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही. माणसाला बरं वाटलं तरी शौचातून जंतू बाहेर पडतच असतात. जाऊबाई पहिल्यांदा रुसल्या. मी त्यांना पुतणीच्या सलाईनची आठवण दिली नाही, देववली नाही. त्यांनीच काढली, आणि मग या नियमाची पहारेकरीण त्याच झाल्या.

पहाटे पाचला टेम्पो निघाला. टिळकवाडीत आत्तींना घ्यायला थांबलो, व्हॅक्सिन डेपोच्या झाडीजवळ. बेळगावचे लोक रोज तिथे फिरायला जातात, पण नाव कशावरून पडलं ते नव्या पोरांना ठाऊक नसतं. ब्रिटिशांच्या काळात इथे देवीच्या रोगाची लस तयार व्हायची. आत्तींच्या दंडावर त्या लशीचा रुपयाएवढा वण आहे. ‘देवी काढायला माणूस आला की आम्ही माळ्यावर जाऊन लपायचो गे,’ त्या सांगत होत्या. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जग या रोगातून मोकळं झाल्याचं जाहीर झालं. आत्तींच्या नातीच्या दंडावर तो वण नाही, कारण तिला त्याची गरजच उरली नाही. टेम्पोत मी तो दंड सगळ्यांना मुद्दाम दाखवला. टायफॉइडची आणि कावीळ ‘अ’ची लस मिळते. डॉक्टरांना विचारून घ्यायची असेल तर निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. चैत्री पौर्णिमेला जाणाऱ्यांना अजून भरपूर वेळ आहे.

हिरेबागेवाडीवरून आत वळून बैलहोंगलला चहा घेतला. गाडीत कोंबून बसणं कुणाला चुकत नाही, पण थंडी वाजते म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळू नका. खोकल्यातून पसरणारे रोग, सर्दीपासून क्षयापर्यंत, कोंडलेल्या हवेत फोफावतात. आम्ही मागची बाजू उघडी ठेवली आणि म्हाताऱ्यांना शाली दिल्या. दोन आठवड्यांच्या वर खोकणारा कुणी असेल तर आधी त्याची थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

सौंदत्तीच्या अलीकडे जोगुळबावी. डोंगर चढायच्या आधी तिथे अंघोळ करायची रीत. गर्दी इतकी की पाण्यापेक्षा माणसंच जास्त. ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून तोंडाला, डोळ्यांना लावतात. इथे आत्तींशी माझं थोडं वाजलं. ‘आईच्या पाण्यानं कुणाला काय झालंय?’ मी म्हटलं, आत्ती, पाणी आईचं, पण त्यात उतरलेली हजार माणसं आपल्यासारखी. शेवटी त्यांनी ओंजळ डोळ्यांऐवजी कपाळाला लावली आणि तिथल्या सत्यव्वा देवीला हात जोडले. डोळ्यांना लावू नका, असं मी का म्हटलं? डोळे येण्याची साथ हातांतून, पाण्यातून, पंच्यातून पसरते. आलेल्या डोळ्यांकडे नुसतं बघून ती लागत नाही. गॉगल लावण्यापेक्षा प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवणं जास्त उपयोगाचं. आम्ही प्रत्येकाच्या पंच्याला वेगळ्या रंगाचा दोरा शिवला होता.

डोंगरावर पोचलो, पाल ठोकलं, तीन दगडांची चूल मांडली. भंडाऱ्याने आसमंत पिवळा, ‘उदं ग आई उदं’ चा गजर रात्रभर. वर्णन करत बसत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांनी जाऊनच पाहावं.

ड्रमची व्यवस्था मात्र सविस्तर सांगते. दोन ड्रम पिण्यासाठी, तिसरा फक्त हात धुण्यासाठी. पिण्याचे ड्रम उंच दगडावर, म्हणजे पेला नळाखाली धरावा लागतो आणि हात आत जायचा प्रश्नच नाही. घरून आणलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. टँकरचं आणलं तर गढूळ. आत्तींनी गाठोड्यातून जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी काढली आणि चौघडी करून त्यातून पाणी गाळलं. त्यांची ही आजीची सवय. २००३ साली बांगलादेशातल्या मतलब भागातल्या अभ्यासाचे आकडे आले, ते याच सवयीचे होते: जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी झाले. कॉलराचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, ते किडे कापडात अडकतात. जुनी साडीच बरी, कारण वापरून तिचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. पण निम्म्याने कमी म्हणजे निम्मे उरलेच. म्हणून गाळल्यावर क्लोरिनची गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. किती लिटरला एक गोळी, ते पाकिटावर वाचा. कंपनीगणिक प्रमाण बदलतं. औषधाचा वास येतो अशी तक्रार झाली, तेव्हा पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात चार-पाचदा ओतून दिलं, वास उडाला. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. लाकडं पुरेशी असतील तर खळखळून उकळणं उत्तमच.

जेवणात एकच धोरण, गरम खायचं. भाकरी, वांग्याची भाजी, नैवेद्य, सगळं चुलीवरून ताटात. सकाळचा भात रात्री नाही. परडीतला प्रसाद घेताना नाही म्हणवत नाही, म्हणू पण नये. कोरडा घ्यावा, नारळ-गूळ-चुरमुरे. चिरून ठेवलेली फळं आणि बर्फ टाळावा.

बायकांसाठी वेगळं सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही. शौचालयाची रांग आणि अंधार नको म्हणून आपण पाणीच पीत नाही, आणि घरी आल्यावर लघवीला आग होते. आम्ही तिघी-तिघींचे गट केले, एकीच्या हातात बॅटरी, एकीच्या हातात पाण्याचा कॅन, एकीकडे साबण. रांग लागली तरी शौचालयच गाठलं. उघड्यावर बसलं की माशा तिथून उठून आपल्याच ताटावर येतात. पाणी पुरेसं प्या.

गोंदवणाऱ्यांपुढे पोरींची गर्दी होती. एकच सुई, एकच शाई, पुसायला एकच फडकं. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. आमच्या दोघी पोरींना मी तिथून हाताला धरून आणलं, त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जावळ काढणार असाल तर नवं पातं घरून न्या आणि आपल्या डोळ्यांसमोर बसवून घ्या.

एवढं करूनही दुसऱ्या रात्री जाऊबाईंच्या सहा वर्षांच्या नातवाला जुलाब लागले. दुपारी कुणाचं लक्ष नसताना त्याने बर्फाचा गोळा खाल्ला होता. पहिल्या जुलाबालाच ओआरएस सुरू केलं, घोट घोट, चमच्याने. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आमच्या पालात त्या रात्री त्याच पाण्याने पोर सावरलं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. पोर झोपाळू झालं, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू परतली, सहा तास लघवी नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरगुती उपाय बंद, सरळ दवाखाना. १०८ ला फोन लावा. समोरचा कन्नड बोलला तर ‘वांती-भेदी’, म्हणजे उलट्या-जुलाब, एवढं म्हटलं तरी काम होतं. पाण्याला ‘नीरु’, गरम पाण्याला ‘बिसी नीरु’. पोराला परत आल्यावर आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्या मिळाल्या, त्या चौदा दिवस दिल्या. त्याचे कपडे वेगळे धुतले आणि त्याला सांभाळणाऱ्या आईला स्वयंपाकातून सुट्टी दिली. दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घरी. दार उघडून सगळ्यांनी आधी पाण्याची बॅरलं बघितली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जाताना प्रत्येक घर बॅरलं काठोकाठ भरून जातं. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. आम्ही कापड बांधून झाकलेली बॅरलं नितळ होती. एका घराचं झाकण सरकलं होतं, तिथे अळ्या वळवळत होत्या. बॅरल ओतून आतून घासून काढलं. अंडी भिंतीला चिकटून राहतात, नुसतं ओतून भागत नाही.

आता एक्कावन्न दिवसांचं. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. टायफॉइडला एक ते तीन आठवडे, कधी महिनाही लागतो. कावीळ ‘अ’ पंधरा ते पन्नास दिवसांत कधीही. म्हणून त्या शेजारच्या पोराच्या कावीळीचा संबंध कुणी यात्रेशी जोडला नव्हता, तोवर यात्रा विसरूनही गेली होती. मी या खेपेला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. दर रविवारी तेवीस घरी नाही, पण नऊ घरी जाऊन ताप, भूक, लघवीचा रंग विचारला. काल पन्नासावी फुली झाली.

माघी पौर्णिमेला आठ दिवस आहेत. वरच्या गल्लीतले पंधरा जण निघणार असं कळलंय. तिन्ही ड्रम धुऊन, वाळवून, पालथे घालून ठेवलेत आणि गोळ्यांची दीड पट्टी शिल्लक आहे. जाऊबाई ड्रम पोचवायला स्वतः येतो म्हणाल्यात, आणि पिठाच्या परातीचा नियमही त्याच सांगणार आहेत.