अर्जात ‘केस धुणे’ हा पर्याय नव्हता

मार्चअखेर माझे केस एकाच वेळी चिकट आणि राठ व्हायला लागले. धुऊन वाळवले तरी मुळाशी तेलाचा हात फिरवल्यासारखे, आणि टोकांना निव्वळ सुंभ. चिपळूणच्या पार्लरवालीने एक बट चिमटीत धरून निकाल दिला, ‘सिलिकोन साचलंय मॅडम, शाम्पू बदला.’ आणि ७५० रुपयांची बाटली हातात ठेवली, सिलिकोन नाही, सल्फेटही नाही. त्या बाटलीने केस आणखी बिघडले. तो भाग इथेच सोडते, नाहीतर पुन्हा डोकं तापेल.

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे बाटलीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय राहवेना. डायमेथिकोन, म्हणजे शाम्पूतलं नेहमीचं सिलिकोन, पाण्यात विरघळत नाही, हे खरं. केसावर त्याचा पातळ थर बसतो, म्हणून तर कंगवा सरकन फिरतो. पण पाण्यात विरघळत नाही म्हणजे निघतच नाही, असं कुठे आहे? खोबरेल तरी कुठे विरघळतं पाण्यात? सोडियम लॉरेथ सल्फेटवाला, म्हणजे भरपूर फेस होणारा साधा शाम्पू त्या थराचा बराचसा भाग धुऊन नेतो. अमोडायमेथिकोन हे दुसरं सिलिकोन जरा हट्टी. त्याच्यावर धन भार असतो, त्यामुळे जिथे केस खराब झालेला असतो त्या ऋण भाराच्या जागी तो घट्ट बसतो; पण बसल्यावर स्वतःच्याच जातभाईला दूर लोटतो, म्हणून थरावर थर फारसे चढत नाहीत. साचण्याचा त्रास जास्त करून नुसत्या कंडिशनरने केस धुणाऱ्यांना, किंवा अगदी सौम्य शाम्पू लावून वर सीरम चोपडणाऱ्यांना होतो. मी त्यांतली नव्हे. तरी खात्री म्हणून सल्फेट असलेला, सिलिकोन नसलेला स्वस्तातला शाम्पू सलग चार वेळा वापरला. थर सिलिकोनचा असता तर तेवढ्यात पातळ झाला असता. तसूभर फरक नाही.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘अगो, तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ सहा शिट्ट्या घेत्ये. पाणी मचूळ झालंय. तू काय बाटल्या वाचत बसल्येस?’

आमचं घर गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की खाडीचं पाणी आत ओढलं जातं. त्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही असतं, आणि ते केसाला चिकटतं. डाळीचं ऐकून गप्प बसायला हवं होतं. पण मला कागदावर आकडा हवा होता. इथून पुढे माझं जे काही झालं ते त्या आकड्यापायी.

पहिल्या खेपेला कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. एसटीने दीड तास. खिडकीतल्या माणसाने बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘दोन लिटरचा स्वच्छ कॅन लागतो. आणि विहीर सरकारी की खाजगी?’ खाजगी म्हटल्यावर, ‘मग अर्जावर ग्रामसेवकाची सही आणा.’ आमच्या भाऊसाहेबांकडे तीन गावं. आमच्याकडे मंगळवारी येतात, आणि त्या मंगळवारी तालुक्याला मीटिंग. पुढच्या मंगळवारी सही मिळाली, पण शिक्का दुसऱ्या गावाच्या कपाटात. नळयोजनेच्या विहिरीचं पाणी जलसुरक्षक नेऊन देतो, तिथे असलं काही नाही. खाजगीवाल्याने आपलं आपण निस्तरायचं.

दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पेन थांबलं. ‘उद्देश काय?’ पर्याय तीन: पिणे, शेती, बांधकाम. मी खरं सांगितलं, केस धुणे. मागच्या रांगेतला बोअरवेलवाला हसला. कारकून हसला नाही, ते जास्त लागलं. ‘मॅडम, यात केस नाही.’ मी ‘पिणे’वर खूण केली. हो, हे आधी सांगायला हवं होतं: कॅन भरण्याआधी त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळायचा, काठोकाठ भरायचा, आणि गाव, तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी कॅनवर चिकटवायची. माझी चिठ्ठी झाकणावर होती. म्हणून ती परत लिहिली. ‘आठ दिवसांत या.’

आठ दिवसांनी गेले तर ‘रसायन संपलंय’. पंधरा दिवसांनी गेले तर रसायन आलेलं, पण माझ्या नमुन्याचा नंबर लांब. त्या दिवशी मात्र शिकाऊ मुलीने दारातून बघू दिलं. चंचुपात्रात कोणाचं तरी पाणी, रंग थेट कोकम सरबताचा. वरच्या नळीतून थेंब थेंब पडत होते. लाल, लाल, जांभळट, आणि एका थेंबाला लख्ख निळं. ‘किती थेंब लागले त्यावरून कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते कळतं,’ ती म्हणाली. नळीत काय आहे, विचारलं. ‘ईडीटीए.’ मी चाटच पडले. माझ्या जुन्या, सिलिकोनवाल्या शाम्पूच्या यादीत शेवटून तिसरं नाव हेच होतं, डायसोडियम ईडीटीए. कॅल्शियम पकडून ठेवणारं.

तशीच परतले, येताना २० लिटरचा पाण्याचा जार उचलला. तोच जुना शाम्पू, फक्त पाणी जारचं. पहिल्या खेपेला थोडा फरक पडला. तिसऱ्या धुण्याला केस मोकळे. प्रयोगशाळेच्या आधी उत्तर मी काढलं, हे मी स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलंय. रोज जार परवडत नसेल तर निदान शेवटचा तांब्या तरी चांगल्या पाण्याचा घ्या, त्यात अर्धं लिंबू पिळलं तरी चालेल. कोकमाचं आगळ नको, त्यात मीठ असतं, शिवाय टॉवेल कायमचा रंगतो. ती ७५० ची बाटली आता लोकरीच्या शालीला वापरते.

रिपोर्ट १७ जूनला मिळाला, नमुना २ मेचा. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये एकूण कठीणपणा ५४०, क्लोराइड (मिठातलं) ६१०. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणा २०० पर्यंत हवा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडला तेच २५० आणि १०००. उद्देशात ‘पिणे’ लिहिलेलं, त्यामुळे खाली निळा शिक्का: पिण्यास योग्य.

घरी आले तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि विहीर हाताने कळशी बुडवता येईल इतकी वर आली होती. सासूबाईंनी विचारलं, ‘काय म्हणतायत?’

‘पाणी योग्य आहे म्हणे.’

‘कुठलं?’ असं म्हणून त्यांनी पागोळीखालची भरलेली घागर ओढून घेतली आणि तिथे रिकामी लावली.