डावा पाय, अजून खाली

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. उंचीची मला लहानपणापासून भीती वाटते, पण शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे डिसेंबरच्या साहस शिबिराला 'मुलींसोबत एक मॅडम हवी' म्हणून माझं नाव लागलं, तेव्हा नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

शिबिर राजगडाचं. मुक्काम पायथ्याच्या गुंजवणे गावात. मोबाइल पहिल्याच संध्याकाळी पिशवीत जमा केले. त्यावरून नववीतली एक मुलगी रात्री उशिरापर्यंत मुसमुसत होती. आईला एकदा फोन लावून द्या, एवढंच मागणं. मी दिला नाही. बरोबर केलं का, माझं मलाच अजून ठरवता येत नाही.

सकाळी चोर दरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर पोचलो. तलावाकाठी ताक प्यायलो. बालेकिल्ल्याकडे निघण्याआधी प्रशिक्षकांनी एकेका मुलाला चक्क हुंगून बघितलं. गडावर आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने माश्या उठतात. डिओ मारून आलेले तिघे सरांसोबत माचीवरच राहिले.

बालेकिल्ल्याची वाट म्हणजे उभा कातळ, त्यात खोदलेल्या खोबण्या आणि आधाराला रेलिंग. चढताना कुणाचंच काही अडलं नाही. चढताना डोळ्यांसमोर दगड असतो. दरी दिसते ती उतरताना.

अडला तो आमचा कबड्डीचा कॅप्टन. येताना बसमध्ये निम्म्या वर्गाची टर उडवणारा. अर्ध्यावर आला आणि दरीकडे तोंड करून रेलिंगला मिठी मारून बसला. गुडघा असा लटपटत होता की बुटाची सुटलेली लेस हलत होती.

त्यात रविवार. वर पर्यटकांची रांग. "ओ दादा, चला की!" मी त्याच्या वरच उभी होते. "घाबरू नकोस" हे निदान सहा वेळा म्हणाले असेन, पण माझाच आवाज कापत होता.

वरच्या प्रशिक्षकांनी रांग थांबवली. आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प केलं. आणि खालून, उतरून झालेली ती रात्रीची रडकी मुलगी चार खोबण्या परत चढून आली. खालचे प्रशिक्षक तिच्या पाठीशी उभे राहिले.

"तोंड दगडाकडे कर."

तो हलेना.

"अरे, दरी काय बघतोस? माझ्याकडेपण नको बघू. दगड बघ."

बऱ्याच वेळाने तो वळला. तिने त्याची टाच धरली. "डावा पाय. अजून खाली. अजून. हां, खोबणी आहे, टेक. आता उजवा."

उतरल्यावर तो सगळ्यांसमोर रडला. एक जण फिदकन हसला, त्याला शेजारच्याने कोपर मारलं. बाकी कुणी काही बोललं नाही.

मग राहिले मी. "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश," म्हटलं. कॅप्टनने खालून माझ्याकडे नीट बघितलं, डोळे पुसले आणि प्रशिक्षकांना विचारून वर आला.

"मॅडम, तोंड दगडाकडे."

वळले. हात त्याचा अजून थरथरत होता, पण टाच घट्ट धरली होती.

"डावा पाय, मॅडम. अजून खाली."