तुम्ही विचारलंत म्हणून: नोट्सची ती फाईल उघडत का नाही?

एमएस्सी गणिताला प्रवेश घेतला की महिन्याभरात हा प्रश्न येतोच: ‘प्राध्यापकांच्या पानावरून नोट्स उतरवल्या, पण नावाच्या शेवटी डीव्हीआय आहे. फोनवर उघडत नाही, कलिन्याच्या झेरॉक्सवाल्यानेही हात वर केले. पीडीएफ कसं करायचं? आणि वर्डमध्ये येईल का?’ पीडीएफ होईल. वर्डचं अवघड आहे, त्याबद्दल पुढे.

ही फाईल टेकमधून निघालेली असते. टेक म्हणजे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७०च्या दशकाअखेरीस बांधलेली अक्षरजुळणीची संगणक-प्रणाली. लाटेक हा तिच्यावरचा सोयीचा थर. डीव्हीआयमध्ये लिहिलेलं असतं ते इतकंच: अमुक फॉन्टमधलं अमुक क्रमांकाचं अक्षर पानावर अमुक जागी ठेवा. फॉन्ट आत नसतो, त्याचं नाव असतं. चित्रांचंही तसंच. वाण्याची यादी हातात आली, सामान दुकानातच राहिलं. म्हणून ही फाईल ज्या मशीनवर टेकचे फॉन्ट आहेत तिथेच नीट दिसते.

विंडोजवर मिकटेक बसवा, म्हणजे टेकचा तयार संच. टेक लाईव्ह हा दुसरा संच पूर्ण घेतला तर कित्येक जीबी खातो. मिकटेक लागेल ते पॅकेज लागेल तेव्हा आणतं. मग कमांडच्या खिडकीत, फाईल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन, ‘डीव्हीआयपीडीएफएमएक्स’ इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, एक जागा आणि फाईलचं नाव. काही सेकंदांत पीडीएफ. आकृतीच्या जागी पांढरा चौकोन दिसला तर आकृत्यांच्या ईपीएस फाईल्स उतरवायच्या राहिल्यात. त्या त्याच फोल्डरमध्ये टाका. फाईल्स असूनही बाण किंवा आलेख गायब असतील, तर लेखकाने पीएसट्रिक्स हे आकृत्या काढायचं पॅकेज वापरलेलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा लांबचा रस्ता: आधी डीव्हीआयपीएस ही कमांड, मग पीएसटूपीडीएफ (‘टू’ म्हणजे आकडा २). लिनक्सवर टेक बसवलेलं असेल आणि नुसतं वाचायचं असेल तर ऑक्युलर हा वाचायचा प्रोग्राम पुरे.

नावाच्या शेवटी ‘पीएस.जीझेड’ असेल तर ते दाबलेलं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा. सेव्हन-झिपने सोडवा. ‘ही आर्काइव्ह नाही’ असं उत्तर आलं तर घाबरू नका, ब्राउझरने ती उतरवतानाच सोडवलेली असते, शेपूट तेवढं मागे राहतं. नोटपॅडमध्ये उघडून बघा: पहिली दोन चिन्हं टक्का आणि उद्गारचिन्ह असतील तर सरळ पोस्टस्क्रिप्ट. ‘जीझेड’ खोडा, पुढे पीएसटूपीडीएफ.

आता ‘पीडीएफ झालं पण पडद्यावर अक्षरं पुसट दिसतात’ ही तक्रार. जुन्या पद्धतीत डीव्हीआयपीएस अक्षरांचे ठिपके भरायचं, प्रिंटरच्या हिशोबाने, इंचाला ६०० वगैरे. कागदावर छान, पडद्यावर केविलवाणं. टेकचे नेहमीचे कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्ट, ठिपक्यांऐवजी रेषांनी आखलेले, १९९७ मध्ये सर्वांसाठी मोफत झाले, पण त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच फाईल्समध्ये ठिपकेच आहेत. पोस्टस्क्रिप्टमध्ये ठिपके एकदा बसले की पुढचं कुठलंही रूपांतर ते काढू शकत नाही. डीव्हीआय मिळत असेल तर तिथून पुन्हा सुरू करा. मूळ टेक फाईल मिळाली तर फारच उत्तम, आणि ती मागायला लाजू नका. प्राध्यापक बहुधा देतात.

छापताना दुकानातल्या पीसीवर कागदाचं माप बघायला सांगा. ते पुष्कळदा लेटरवर राहून गेलेलं असतं. लेटरची उंची २७९ मिमी, आपल्या ए४ची २९७. तळाचे १८ मिमी गेले की पृष्ठक्रमांक जातो, कधी तळटीपही.

आता वर्ड. पीडीएफमधून मजकूर उचलून वर्डमध्ये चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो. टेकच्या चिन्हांच्या फॉन्टमध्ये अनंताचं चिन्ह ज्या क्रमांकावर बसतं, त्याच क्रमांकावर साध्या मजकुरात १ असतो. ‘घटक आहे’च्या चिन्हाचं २शी तसंच. मोठा ∫ उतरतो झेड म्हणून, मोठा Σ एक्स म्हणून. म्हणजे जुन्या पीडीएफमधलं ‘० ते ∞’ चिकटवल्यावर ‘० ते १’ होऊ शकतं. ई घात वजा एक्सचं संकलन ० ते ∞ घेतलं तर उत्तर १, आणि ० ते १ घेतलं तर साधारण ०.६३२. पान दिसायला व्यवस्थित, असाइनमेंट चूक. बाकी गोंधळ डोळ्याला लगेच दिसतो. हा दिसत नाही, म्हणून घातक.

मूळ टेक फाईल असेल तर पॅनडॉक हा रूपांतराचा प्रोग्राम तिची वर्डची डॉकएक्स फाईल करतो आणि समीकरणं वर्डच्या स्वतःच्या समीकरणांत उतरतात. समीकरणांचे क्रमांक हाताने तपासा. टिकझेड पॅकेजने काढलेल्या आकृत्या येणार नाहीत, त्या चित्र म्हणून घाला.

विरार लोकलमध्ये उभ्याने वाचायचं असेल तर ए४ पान फोनवर कामाचं नाही. टेक फाईल ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्येच लाटेक चालवणारी साईट) चढवा, जॉमेट्री पॅकेजला पानाची रुंदी ९० मिमी, उंची १६० मिमी, समास ४ मिमी द्या. पृष्ठक्रमांक बंद करा, नाहीतर तो पानाबाहेर पडतो. संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर आणखी एकदा चालवा. लांब समीकरणं उजवीकडून बाहेर जातील. चालवल्यावर येणाऱ्या लॉगमध्ये ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ शोधा, शेजारी ओळीचा क्रमांक असतो. ते समीकरण एएमएसमॅथ पॅकेजच्या मल्टलाइनमध्ये घाला आणि बरोबरच्या चिन्हाआधी तोडा.