टेफची गोड लापशी, रावेरच्या केळ्यांसह

इथिओपियात हजारो वर्षांपासून पिकणारे टेफ हे धान्य खसखशीएवढे बारीक असते, त्यामुळे ते नेहमीच्या चाळणीत न धुता मलमलच्या फडक्यात धुवून निथळावे लागते. तिकडे त्याचे पीठ आंबवून इंजेरा नावाची जाळीदार धिरडी करतात. मी न्याहारीसाठी त्याची लापशी करते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाणाऱ्या आम्हा खानदेशी माणसांना हे धान्य परके वाटू नये, कारण आपली ज्वारीही मूळची आफ्रिकेतलीच आहे.

वाटीभर टेफ जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर परतावे आणि खमंग वास सुटला, दाणे हलकेच तडतडू लागले, की चार वाट्या उकळते पाणी ओतून मंद आचेवर सुमारे २० मिनिटे शिजवावे. शेवटी मात्र सतत ढवळावे, कारण ते पटकन बुडाला लागते. गॅस बंद केल्यावरच कोमट दूध आणि किसलेला गूळ घालावा, कारण उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटू शकते. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रावेरकडचे असे पूर्ण पिकलेले केळे कुस्करून घातले, तर गूळ निम्माच पुरतो आणि माझ्या मते चवही अधिक खुलते. वेलची चिमूटभरच घालावी. लापशी निवल्यावर घट्ट होते, तेव्हा वाढताना थोडे दूध हाताशी ठेवावे.