आमची वाटचाल : प्रश्न विचारू देण्याचे काम

आमची स्वयंसेवी संस्था नाही, व्यवसाय आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण गावात गेलो की "कोणत्या योजनेतून आलात?" असे विचारले जाते आणि कारखान्यात गेलो की दर ऐकून भुवया उंचावतात. आम्ही नाशिकमधील एक लहान भागीदारी फर्म आहोत. कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या, ग्रामपंचायती आणि बचत गटांचे संघ यांच्यासाठी संवादाचे व निर्णयप्रक्रियेचे प्रशिक्षण देणे आणि त्यासाठी लागणारे तक्ते, पुस्तिका व ध्वनिमुद्रणे तयार करणे हे आमचे काम. आम्ही रीतसर कोटेशन देतो, जीएसटी लावतो आणि बिल थकले की पाठपुरावाही करतो.

फर्म सुरू करण्यापूर्वी मी अंबड औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभागात नोकरी करीत होतो. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या तिथल्या आणि सातपूरच्या लहान कारखान्यांत माहितीचा तुटवडा कधीच नसतो. सकाळच्या पाळीला टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सुरक्षिततेविषयीचे छोटे बोलणे, होतो, भिंतीवर सुरक्षिततेचे फलक असतात आणि दाराशी सूचनापेटीही असते. पेटी बहुधा रिकामी असते. आमचे पहिले मोठे काम सातपूरच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रे दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मिळाले. प्रेसवर बोटे थोडक्यात वाचली, असे प्रसंग घडत होते; पण 'नियर मिस'च्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, वहीत त्यांची नोंद होत नव्हती, कारण नोंद करणाऱ्याला पहिला प्रश्न "चूक कुणाची?" हाच विचारला जाई. आम्ही त्या वहीतून नावाचा रकाना काढायला लावला आणि प्रत्येक नोंदीचे उत्तर, मग ते नकाराचे का असेना, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायची पद्धत बसवली. नोंदी तेवढ्यानेही वाढल्या. परंतु खरा फरक पडला तो मालकांनी पाळीच्या सुपरवायझरला मशीनचे गार्ड वा सेन्सर दुरुस्त करण्यापुरता खर्च वरची मंजुरी न घेता करण्याची मुभा दिली तेव्हा. बोललेले दुसऱ्या पाळीपर्यंत दुरुस्त झालेले दिसू लागल्यावर, आजवर गप्प राहणारी, मराठी जेमतेम कळणारी उत्तर भारतीय मुलेही मोडक्या मराठीत तक्रारी सांगू लागली.

त्यानंतर आम्ही काम घेण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला एक प्रश्न विचारू लागलो : या प्रशिक्षणानंतर तुम्ही कोणता निर्णय खालच्या लोकांकडे सोपवणार आहात? या प्रश्नावर बऱ्याच बैठका संपल्या आहेत. "आधी माणसे तयार करा, अधिकाराचे पुढे पाहू" असे सांगणारे ग्राहक आम्ही नम्रपणे सोडतो. तसा दिवसभराचा कार्यक्रम टाळ्यांत पार पडतो आणि पैसेही वेळेवर मिळतात, हे मला ठाऊक आहे. पण बोलायला शिकवून ऐकणारा न देणे ही मला त्या माणसाची फसवणूक वाटते.

ही अट आम्ही शोधून काढलेली नाही. नाशिकजवळच्या ओझर परिसरात बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. कालव्याच्या शेपटाकडे पाणी पोहोचत नव्हते आणि या उभारणीत पुढाकार त्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांचा होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या पद्धतीत शासन संस्थेला पाणी घनमापनाने मोजून देते आणि पुढचे वाटप, पाळ्यांचे नियोजन व पाणीपट्टीची वसुली संस्था करते. पीक कोणते घ्यायचे हे शेतकरी ठरवतो. पुढे 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५' आला आणि अशा संस्थांना राज्यभर कायद्याचा आधार मिळाला. पाण्याच्या बैठका पूर्वीही होत असणारच. मोजमाप आणि वाटप हाती आल्यावर मात्र बैठकीला जाण्याला अर्थ आला, कारण तिथे ठरलेले चारीत उतरू लागले, असे माझे या उदाहरणाचे वाचन आहे. सक्षमीकरण या शब्दावर मंचावरून कितीही फुले वाहिली जावोत, वाघाडच्या लाभक्षेत्रात त्याचा अर्थ घनमीटरमध्ये सांगता येतो.

बचत गटांचे काम आमच्याकडे नंतर आले. नाबार्ड या राष्ट्रीय ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ पासून ग्रामीण जीवनोन्नतीच्या 'उमेद' अभियानाने ही चळवळ गावोगावी नेली. त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री बायकांना तोंडपाठ होती. मात्र वही बहुतेक ठिकाणी एकटी सचिवच लिहीत असे आणि बाकीच्या जणी अंगठा किंवा सही करून मोकळ्या होत. म्हणून आम्ही भाषणे न देता हिशेब मांडू लागलो. दहा हजार रुपयांचे मुद्दल दरमहा दोन टक्क्यांनी दहा समान मासिक हप्त्यांत फेडायचे असेल, तर घटत्या मुद्दलावर एकूण व्याज अकराशे रुपये होते आणि मूळ रकमेवर सरसकट आकारले, तर दोन हजार. हा फरक बायकांनी बियांचे ढीग करून स्वतः काढला, की पुढचा प्रश्न हमखास येतो : "आपल्या गटात कोणती पद्धत आहे?" निफाड तालुक्यातील एका गटात तो प्रश्न आला आणि अध्यक्षांना त्याचे उत्तर देता आले नाही. त्या बैठकीनंतर गटाने वही दरमहा वेगवेगळ्या सदस्येने मोठ्याने वाचायची, असा ठराव केला. पुढे त्यांच्यातील दोघी सूक्ष्म वित्त कंपनीच्या प्रतिनिधीला तोच प्रश्न विचारून आल्या. विचारायची सवय एकदा लागली की ती गटापुरती राहत नाही, याचा आम्हाला अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा अनुभव येतो.

ग्रामसभेचे काम त्या मानाने अवघड आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले; ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, अशी तरतूदही कायद्यात आहे. तरीही महिला सभेत ठरलेला विषय ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात उतरला नाही, तर तो चर्चेला आलाच नाही असे धरले जाते. त्यामुळे आमच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग भाषणकलेचा नसून ठराव लेखी कसा द्यावा, पोच कशी घ्यावी, सूचक-अनुमोदकांची नावे कशी नोंदवून घ्यावीत आणि सभा संपण्यापूर्वी इतिवृत्त वाचून दाखवण्याचा आग्रह कसा धरावा, याचा असतो. हे काहीसे रुक्ष आहे, मान्य. पण गावात बदल याच वाटेने येतो.

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून द्राक्षहंगामात दिंडोरी-निफाडकडे येणाऱ्या मजुरांबरोबरचे काम मला सर्वांत जवळचे आहे. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) ही कामे टोळ्या एकराच्या उक्त्या दराने घेतात आणि बोलणी मुकादम करतो. एका शेतकरी उत्पादक कंपनीने आम्हाला औषध फवारणीतील सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यायला सांगितले. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हा उतरता विषारीपणा समजावून द्यायचा, एवढाच विषय होता. पुस्तकी मराठीत तो सांगितला, तेव्हा माना डोलल्या आणि प्रश्न एकही आला नाही. मग सुरगाण्याच्याच, टोळीत काम केलेल्या तिघींना आम्ही मानधनावर सोबत घेतले. त्यांनी तोच विषय कोकणा बोलीत मांडला आणि पहिलाच प्रश्न आला, की फवारल्यानंतर बागेत किती वेळाने शिरायचे आणि ते आम्हाला कोण सांगणार. बागायतदारांनाही तो प्रश्न पटला, कारण निर्यातीच्या मालात औषधाचा अंश तपासला जातो आणि फवारणीच्या नोंदी त्यांना ठेवाव्याच लागतात. त्या नोंदींवरूनच फवारलेल्या ओळींच्या तोंडाशी रंगीत फडके बांधायचे ठरले. ओळीला फडके दिसले, तर आत न जाण्याचा अधिकार टोळीचा, हेही कंपनीने सभासदांना लेखी कळवले.

अलीकडे लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समित्यांचे प्रशिक्षण हा आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग झाला आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ही समिती नेमावी लागते. फक्त प्रमाणपत्र हवे असणाऱ्यांचे फोनही खूप येतात आणि त्यांना आम्ही दुसरीकडे जायला सांगतो. टाळेबंदीच्या काळात वर्ग बंद पडले, तेव्हा व्हॉट्सअॅपवरील ध्वनिसंदेशांनी आम्हाला कसेबसे तारले, आणि ते संदेशही त्या तिघींच्याच आवाजात होते.

त्या तिघी आता मानधनावर नाहीत. सुरगाणा-पेठमधील कामे कोणती घ्यायची, कोणाला नकार द्यायचा आणि दर काय सांगायचा, हे यंदापासून त्याच ठरवतात. त्यांनी लावलेला पहिला दर मला जास्त वाटला होता आणि तसे मी बोललोही. त्यांनी प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि तयारीच्या दिवसांचा हिशेब माझ्यासमोर मांडला. कोटेशन त्याच दराने गेले आणि मंजूरही झाले.